धुकं यावं म्हणून

प्रिय ईरा आणि नील,

गेल्या रविवारी फोनवर ईराने मला विचारलं, "आज्जी, तू सैन्यात होतीस ना? मग तू कुणाला गोळी मारलीस?" मी म्हटलं, "नाही गं. उद्या धुकं पडेल का, ते मी सांगायचे." त्यावर नील म्हणाला, "ते तर फोन सांगतो." तुम्ही हसलात, मीही हसले. पण फोन ठेवल्यावर ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढायचं. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाला माझ्याकडून नोकरीच्या अनुभवांवर लेख हवाच होता. तोच तुम्हाला उद्देशून लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवील. अडेल तिथे तिला थांबवून विचारा. मात्र तिलाही सगळं माहीत नाही, कारण त्या हिवाळ्यात ती पाच वर्षांची होती आणि माझ्याशी बोलत नव्हती.

मी हवाई दलात हवामान अधिकारी होते. वैमानिकाला उडण्याआधी काही गोष्टी कळाव्या लागतात. किती दूरचं दिसेल, ढग किती उंचावर आहेत, वारा कुठून आणि किती आहे, आणि तो परत येईपर्यंत यातलं काय बदलेल. पहिल्या गोष्टी मोजता येतात. शेवटची सांगावी लागते, आणि पगार त्या सांगण्याचा असतो. अंदाज बरोबर आला तर काहीच घडत नाही. विमान जातं, परत येतं, लोक जेवायला बसतात. अंदाज चुकला तर तो आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी असतो. माझ्या सासूबाईंना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मिठासारखं. नीट पडलं तर कुणी नाव काढत नाही."

सगळ्या नोकरीची हकिगत मी सांगणार नाही. बदल्यांची यादी वाचून तुम्ही झोपून जाल. एकाच हिवाळ्याचं सांगते.

त्या वर्षी लष्कराचा सराव आपल्या इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी होता. फुगवटा म्हणजे धरणाचं पाणी मागे पसरत जातं तो भाग. भिगवणच्या पुढे तो इतका रुंद आहे की पलीकडचा काठ अंधूक दिसतो. हेलिकॉप्टरं बारामतीच्या धावपट्टीवर ठेवलेली होती आणि आमचे कमांडरही तिथेच असत. सकाळी हेलिकॉप्टर बारामतीहून निघून पाण्याकाठच्या मैदानात उतरायचं. बारामतीत धुकं क्वचित, पाण्याकाठी मात्र वरचेवर. म्हणून मला या टोकाला ठेवलं होतं.

माझा तंबू जवानांच्या छावणीपासून बराच दूर होता. हवा मोजायला मोकळी जागा लागते. जवळ चूल नको, भिंत नको, गाड्यांचं इंजिन नको. थोडक्यात, माणसं नकोत. मदतीला एक सहायक दिला होता, त्याला पहिल्याच आठवड्यात कावीळ झाली आणि त्याला पुण्याच्या रुग्णालयात हलवलं. बदली माणूस येतो येतो म्हणत शेवटपर्यंत आलाच नाही. त्या सगळ्या सरावात मी एकटीच बाई होते. लोक सभ्य होते, अगदी जास्तच सभ्य. मी जेवायला गेले की गप्पा थांबायच्या आणि सगळे भात नीट चावून खायला लागायचे. मग मी डबा तंबूत मागवू लागले.

आता तुमच्या आईबद्दल. बारामती माझं माहेर. मुक्ता, म्हणजे तुमची आई, तिथे माझ्या आईकडे होती. तुमचे आजोबा तेव्हा नोकरीनिमित्त नागपूरला होते. मी होते तिथून माझं माहेर एस.टी.ने तासाभरावर होतं, पण पहाटेची नोंद आणि संध्याकाळचा अहवाल यांतून निघता येत नव्हतं. मुक्ताला वाटायचं की आई रोज सकाळी त्या हेलिकॉप्टरमधून जाते आणि मुद्दाम खाली उतरत नाही. एकदा वैमानिक मला म्हणाला, "मॅडम, पेठेतल्या एका गच्चीवर एक लहान मुलगी रोज आमच्याकडे पाहून मुठी उगारते. हात हलवत नाही, मुठी उगारते." मी विचारलं, "गच्चीला निळी टाकी आहे का?" तो म्हणाला, "हो." पुढचं मी त्याला सांगितलं नाही.

हवा विचारायला येणारी गिऱ्हाइकं मात्र पुष्कळ असायची. छावणीचा आचारी विचारायला यायचा की पापड आज वाळत घालू का. भांडारवाले सुभेदार घोंगड्या उन्हात टाकण्याआधी माझी परवानगी घ्यायचे. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने मला बाजूला घेऊन, कुणी ऐकत नाही ना ते पाहून, देहरादूनला पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीच्या लग्नाला पाऊस पडेल का, असं विचारलं. मी म्हटलं, "सर, मांडव घाला." त्यांना ते फारच शास्त्रीय वाटलं.

धुक्याचा अंदाज कसा बांधतात तेही सांगते. दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगायचे. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलीची चिंधी गुंडाळून ती पाण्याने ओली ठेवायची. हवा कोरडी असेल तर चिंधीतलं पाणी भराभर उडतं आणि तो थर्मामीटर गार पडतो. दोघांत अंतर पडतं. हवेत आधीच भरपूर ओल असेल तर पाणी उडत नाही आणि दोघं जवळजवळ सारखंच दाखवतात. ते अंतर मिटत आलं, वारा पडला, आकाश मोकळं असलं, की धुकं यायच्या बेतात आहे असं समजायचं.

मलमल संपली तेव्हा मी भिगवणच्या बाजारात रशीदभाई तांबोळींच्या कापडाच्या दुकानात गेले. गणवेशातली बाई पाहून त्यांनी पंखा लावला, थंडीचे दिवस असूनही.

"काय दाखवू ताई?"

"मलमल. पांढरी, पातळ, बिनखळीची."

"किती मीटर?"

"वीतभर."

त्यांनी ताग्यावरचा हात उचलला. "वीतभर? बाहुलीचं लगीन हाय का?"

"थर्मामीटरला नेसवायची आहे."

"बरं," ते गंभीरपणे म्हणाले, "मग पदरासाठी थोडी जास्त घ्या." वीतभर कापडाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पुढे मी अधूनमधून उगाचच त्या दुकानात जात असे. एखादं वाक्य मराठीत बोलायला मिळावं म्हणून.

हे दोन्ही थर्मामीटर एका पेटीत असतात. लाकडाची पांढरी पेटी, चार उंच पायांवर उभी, चारी बाजूंना झडपा, म्हणजे आत वारा खेळतो पण ऊन जात नाही. दार फक्त उत्तरेला, कारण तिकडून ऊन येत नाही. पाण्याकाठच्या मोकळ्या माळावर ती एकटी उभी होती. आतलं सगळं जागच्या जागी, पुसलेलं, स्वच्छ ठेवणं हा माझा अभिमान होता.

एका सकाळी मी "स्वच्छ" असा अंदाज दिला आणि दाट धुकं पडलं. हेलिकॉप्टर येऊन वरच्या वर घिरट्या घालून परत गेलं. त्यात एक मोठे पाहुणे होते आणि त्यांच्यासाठी केलेल्या पुऱ्या खाली गार झाल्या. दुपारी कमांडरांचा फोन आला. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, मी मराठीत देते.

"सकाळी तंबूचं दार उघडून बाहेर पाहिलं होतं का?"

"पाहिलं होतं, सर. आकडेही पाहिले होते. अंतर पुरेसं होतं."

"मग आकड्यांना उद्या पुऱ्या खायला बोलवा."

तीन दिवसांनी पुन्हा तेच झालं. अंतर भरपूर आणि धुकं दारात. आकडे खोटं बोलत होते आणि का ते मला कळेना. दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर, उजाडायच्या आत पेटीकडे गेले. लांबूनच वास आला. दार उघडलं तर कोरड्या थर्मामीटरच्या खाली, पोळीच्या कणकेत रोवलेल्या चार उदबत्त्या जळत होत्या. दोन झेंडूची फुलं होती. पेटीच्या कडेला कुंकू लावलेलं होतं. राखेचा मागमूस मला आधी कधी दिसला नव्हता, कारण करणारी बाई उदबत्त्या विझल्या की सगळं उचलून, पदराने पुसून जात होती. माझ्याइतकीच टापटिपीची.

पहाऱ्यावरच्या जवानाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, मलाही वाटलं इथलं देऊळच आहे. मीही रोज हात जोडतो."

त्याने दाखवलेल्या बाई काठावर भांडी घासत होत्या. नाव भामाबाई, वय माझ्या आईएवढं. नवऱ्याची होडी होती, मासे भिगवणला जायचे. मी म्हटलं, "मावशी, पेटीत उदबत्ती तुम्ही लावता का?"

"व्हय. का, कमी पडली?"

"लावू नका. तिथं देव नाही."

"मंग काय हाय?"

"पारा आहे. काचेच्या नळीत."

त्या हसल्या. "पाऱ्याचीच तर पिंड असती, पोरी. शिकलेली ना तू?"

मग त्या जरा जवळ येऊन म्हणाल्या, "एक मला कळंना झालंय. देवाचं तोंड उत्तरंला कसं केलं तुमी? असं कुणी बशिवतं व्हय?"

पेटी कशासाठी आहे, उदबत्तीच्या धगीने पारा कसा चढतो आणि मग हवा खरी आहे त्यापेक्षा कोरडी कशी वाटते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग पाण्याकडे बोट केलं. "आमचं जुनं गाव तितं खाली हाय. देऊळबी खालीच. धरण झालं तवा देव हलवायचा म्हनले, न्हाय हलला. नव्या गावात पत्र्याचं देऊळ बांधलंय, पर तितं मन लागत न्हाय. तुमचं पांढरं घर पाण्याकडं बघत उभं ऱ्हायलं, मला वाटलं सरकारनं उशिरानं का व्हईना बशिवला."

शेवटी आम्ही तोडगा काढला. वारा पेटीकडून जिकडे जातो त्या बाजूला, लांब एक दगड ठेवला. उदबत्ती तिथे लागू लागली. त्यानंतर रोज पहाटे भामाबाई दगडापाशी आणि मी पेटीपाशी, असं आमचं एकाच वेळी चालायचं. बोलणं फार नसायचं. "झालं का तुजं?" "झालं. तुमचं?" एवढंच. त्या छावणीत माझं रोजचं संभाषण म्हणावं असं तेवढंच होतं.

पण आकड्यांवरचा माझा विश्वास उडाला होता आणि कमांडरांचा माझ्यावरचा. पेटीच्या जोडीला मी हातात धरून गोफणीसारखं फिरवायचं यंत्रही वापरू लागले. त्यातही तसेच दोन थर्मामीटर असतात. उदबत्तीची हकिगत मी वर कळवली होती. त्यावर बारामतीत महिनाभर हसले असतील.

आता ती सकाळ. नुकतंच उजाडलं होतं. आकाश निरभ्र, पलीकडच्या काठावरची झाडंसुद्धा मोजता येतील इतकं स्वच्छ. छावणीकडून एक गाडी वेगाने मैदानात आली. पाण्याचा टँकर उतारावरून मागे घसरला होता आणि एका जवानाचा उजवा पाय चाक आणि दगडाच्या मधे सापडला होता. मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली होती. डॉक्टर मेजरांनी पाय वर करकचून बांधला होता. ते मला म्हणाले, "हेलिकॉप्टर बोलवा. पुण्याला शस्त्रक्रियेला न्यायचा आहे. असा बांधून ठेवलेला पाय फार वेळ जगत नाही. उशीर झाला तर कापावा लागेल."

जवान स्ट्रेचरवर होता. वीस-एकवीस वर्षांचा. तो सारखा एकच विचारत होता, "बूट काढला का? बूट काढला का?"

मी यंत्र फिरवलं. दोन्ही थर्मामीटर जवळजवळ एकाच आकड्यावर होते. रात्रभर जमिनीकडून पाण्याकडे जाणारी झुळूक थांबली होती. मैदानातल्या खांबावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लोंबकळत होती, आणि मी पाहत असतानाच ती हलके उलट बाजूला फिरली, पाण्याकडून आमच्याकडे. दूर मधल्या प्रवाहावर पांढरी वाफ लोळत पडली होती, गुडघ्याएवढी असेल. लोकांना वाटतं ऊन आलं की धुकं जातं. जातं, पण आधी ते उठतं. ऊन लागलं की खालची हवा हलते आणि पाण्यावर पडलेलं धुकं काठावर चढतं.

मी टेलिफोन उचलला. कमांडर स्वतःच होते, त्यांना बातमी पोचली होती. इंजिन सुरू करायचा हुकूम ते देतच होते.

मी म्हटलं, "सर, इकडे येऊ नका. तुम्ही पोचाल तेव्हा मैदान दिसणार नाही. रुग्णाला गाडीने बारामतीला पाठवते. तुम्ही तिथेच तयार राहा, तिथून सरळ पुण्याला न्या."

"आत्ता तिथे काय दिसतंय?"

"आत्ता सगळं दिसतंय, सर."

मग ते म्हणाले, "गाडीला किती वेळ लागेल माहीत आहे? उसाचा हंगाम आहे. रस्त्यावर ट्रॅक्टर असतील."

"माहीत आहे, सर."

"हे पेटीतल्या आकड्यावर सांगताय?"

"हाताने मोजून सांगते आहे."

डॉक्टर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, काचेसारखं आकाश आहे. कुठलं धुकं?"

कमांडरांना हे ऐकू गेलं असणार. ते म्हणाले, "ठीक आहे. गाडी सोडा. जबाबदारी तुमच्या नावावर."

डॉक्टर गाडीत चढले. पुढे एक जीप वाट मोकळी करायला दिली. गाडी डांबरी रस्त्याला लागली, वळली आणि दिसेनाशी झाली. बाकीचे छावणीकडे परतले. मैदानात मी एकटी उरले.

त्यानंतरचा अर्धा तास मी आयुष्यात कुणाला सांगितलेला नाही. आकाश तसंच होतं. पलीकडची झाडं दिसत होती. एक बगळा काठावर उभा होता, तोही स्पष्ट दिसत होता. मी यंत्र पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. मनात हिशेब चालू होता: आता हेलिकॉप्टर निघालं असतं, आता भिगवणचा पूल ओलांडला असता. त्या पोराला उताणं झोपवून मी खड्ड्यांच्या रस्त्यावर पाठवलं होतं, आणि वर स्वच्छ निळं आकाश होतं. सगळी नोकरी मी लोकांना चांगली हवा मिळावी म्हणून केली. त्या सकाळी मी धुकं यावं म्हणून हात जोडले. कुणाला जोडले ते मला सांगता येणार नाही.

भामामावशी घागर घेऊन आल्या होत्या. माझं तोंड पाहून त्यांनी ती खाली ठेवली.

"काय झालं गं?"

"धुकं येत नाही, मावशी."

"मंग बरंच की."

"आज यायला पाहिजे."

त्या माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि पाण्याकडे पाहत राहिल्या.

आधी पलीकडची झाडं गेली. मग पाण्यातली होडी गेली, मग बगळा. धुकं काठावर चढलं, गवतातून सरपटत आलं आणि बघता बघता मला माझ्या तंबूचे दोर दिसेनासे झाले. हेलिकॉप्टर उतरायला आलं असतं त्याच सुमाराला. थोडं आधी की थोडं नंतर, हे मला आजही नेमकं सांगता येत नाही. एखाद्या धाडसी वैमानिकाने कदाचित फट शोधून उतरवलंही असतं, पण मग उडता आलं असतं का? आमच्या कामात असंच असतं. जे घडू दिलं नाही ते घडलं असतं का, हे कधीच कळत नाही. मला रडू आलं. मावशी म्हणाल्या, "आलं ना आता? मग?" आणि घागर उचलून त्या पांढऱ्यात नाहीशा झाल्या.

धुकं दहा वाजेपर्यंत हललं नाही. गाडीला वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी आणि बैलगाड्यांनी अडवलं, जीपमधल्या हवालदाराने खाली उतरून बैल धरून बाजूला केले, असं नंतर कळलं. बारामतीच्या धावपट्टीवर हेलिकॉप्टरचे पंखे फिरतच होते. तिथून पुणं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कमांडरांचा फोन आला. रोज ते आधी थट्टेचं काहीतरी बोलायचे. त्या दिवशी फक्त विचारलं, "सांगा, आज काय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "ठीक," आणि फोन ठेवला. सराव संपेपर्यंत ते तसंच विचारत राहिले. शाबासकी म्हणून मला एवढीच आठवते. डॉक्टर मेजर आठवड्याने तंबूशी आले, आत न येता म्हणाले, "पाय राहिला. थोडा लंगडेल. अजून अर्धा तास गेला असता तर राहिला नसता, असं तिकडचे सर्जन म्हणाले." मग घुटमळले आणि म्हणाले, "आकाश खरंच स्वच्छ होतं हो." मी म्हटलं, "होतं."

त्या जवानाचं नाव मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतर शोधलंही नाही. त्याला मी माहीत असण्याचं कारण नाही. त्याच्या दृष्टीने त्या दिवशी कुणीतरी त्याला विनाकारण खडखडत बारामतीला नेलं.

सराव संपल्यावर मी माहेरी गेले. मुक्ता दाराआड उभी राहिली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी मांडीवर येऊन बसली. पुढे मी नोकरीची मुदत वाढवून घेतली नाही. त्याची खंत आहे आणि नाहीही.

मुलांनो, तुमचे पणजोबा घरं बांधायचे, ती बारामतीत आजही उभी आहेत. अंदाजाचं तसं नसतं. तो सकाळी दिला की संध्याकाळी शिळा होतो आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या कामाचा नसतो. मी दिलेल्या हजारो अंदाजांतलं आज काहीही उरलेलं नाही. तो जवान आता पन्नाशीच्या आसपास असेल आणि कुठल्यातरी गावात थोडा लंगडत चालत असेल. माझ्या कामातलं शिल्लक राहिलं आहे ते एवढंच, एका अनोळखी माणसाचा उजवा पाय.

तुमची,
आज्जी